खोडलेल्या नावामागे, माढ्याहून अकलूजला

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की शिक्षकखोलीत पहिला तास गप्पांचा असतो. कोण कुठं जाऊन आलं ते सांगायचं. चौऱ्याहत्तर सालच्या त्या सुट्टीनंतर एकीनं महाबळेश्वर सांगितलं, एकीनं हैदराबाद. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "माढा आणि अकलूज." सगळ्या खो खो हसल्या. "अहो मालतीबाई, तिथं बघायला काय आहे? ऊस?"

ऊस आहेच. पण मी काय बघून आले ते त्या तासाभरात सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

सोलापुरात शुक्रवार पेठेत आमच्या खोल्यांसमोर एस्तेरमावशी राहतात. वय सत्तरीपुढं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आवाज मात्र अजून असा खणखणीत की बोळाच्या तोंडाशी भाजीवाली उभी असली तर मावशी घरात बसून भाव करतात. तरुणपणी त्या बायबलबाई होत्या. म्हणजे गावोगाव पायी हिंडून बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, येईल तिला अक्षरं शिकवायची, आजाऱ्यापाशी बसायचं. माढ्याकडच्या खेड्यांत त्यांनी ऐन उमेदीची वर्षं काढली. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणत, "चालता चालता राहून गेलं."

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळात प्रभुभोजन असतं. भाकरीचं ताट आणि द्राक्षरसाचे छोटे पेले बाकांवरून हातोहात पुढं जातात. मावशी माझ्या शेजारी बसतात. सप्टेंबरात त्यांनी ताट न घेता तसंच माझ्याकडं सरकवलं. मला वाटलं, दिसलं नसेल. ऑक्टोबरात पुन्हा तेच. घरी येताना मी विचारलं, "मावशी, बरं नाही का?"

"बरी आहे. हात पुढं होत नाही."

त्याचं कारण माझ्याच तोंडून गेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. ऑगस्टमध्ये मंडळीच्या, म्हणजे देवळाच्या सभासदांच्या, पंचांची बैठक झाली. मी पंचांत आहे. सुशीला नावाची, रविवारी मुलांना शास्त्र शिकवतात त्या आमच्या शब्बाथ शाळेत वाढलेली मुलगी. तिनं एका तेलुगू हिंदू विणकराच्या मुलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं होतं. तिचं नाव मंडळीच्या पुस्तकातून कमी करायचं ठरलं. सगळ्यांनी हात वर केला, मीही केला. त्या संध्याकाळी मावशी शेंगा फोडत बसल्या होत्या, त्यांना मी हे सहज सांगितलं. त्यांचा हात थांबला होता. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

आता रस्त्यातच उभ्या राहून त्या म्हणाल्या, "मालू, असंच एक नाव मी खोडलंय. अडतीस वर्षं झाली. येशूनं काय सांगितलंय? अर्पण घेऊन वेदीपाशी आलीस आणि आठवलं की कुणाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी तिच्याकडं जा. मी दर रविवारी अर्पण ठेवत आले. गेले मात्र कुठंच नाही."

तिचं नाव सगुणा. आईबाप नसलेली, मावशींनीच वाचायला शिकवलेली. लग्न होऊन वर्षाच्या आत विधवा झाली. अठराव्या वर्षी तिनं एका धनगराशी दुसरं लग्न केलं आणि त्याच्याबरोबर मेंढरांमागं जाऊ लागली. पास्टर म्हणत होते, सबुरीनं घेऊ. मावशींनी ऐकलं नाही. हंगामाच्या सणाला, म्हणजे शेतातलं पहिलं धान्य देवळात आणतात त्या रविवारी, सगुणा टोपलीत बाजरी घेऊन दारात आली. मावशींनी तिला सांगितलं, तुझी जागा आता इथं नाही. आणि दार लावून घेतलं.

"ती जिवंत आहे का, मावशी?"

"ते बघायलाच जायचंय. डोळे आहेत तोवर."

आमचे हे म्हणाले, "आधी ऑपरेशन करून घ्या, मग जा. नीट दिसेल तरी." मावशी म्हणाल्या, "आणि टेबलावरच गेले तर वर जाऊन काय सांगू? डॉक्टरांनी सोडलं नाही म्हणून?" ह्यांनी चपला घातल्या. त्यांनी दोन तिकिटं काढून आणली.

सोमवार, माढा

सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. बरोबर कडक भाकरीची चवड आणि काचेच्या बरणीत शेंगाची चटणी. मावशींनी बरणी आपल्या पिशवीत गीतांच्या पुस्तकाशेजारी आडवी ठेवली होती. माढा येईपर्यंत अर्धं पुस्तक तेल प्यायलं. मावशींनी वास घेतला आणि म्हणाल्या, "नाताळची गीतं गेली वाटतं. जाऊ दे, ती पाठ आहेत."

स्टेशनवर याकोबदादा बैलगाडी घेऊन आले होते. मावशींच्या वेळचे तरुण ढोलकीवाले, आता पांढऱ्या मिशांचे म्हातारे. "सलाम, बाई!" असं ते फलाटाच्या टोकावरूनच ओरडले. आमच्यात भेटल्यावर सलामच करतात. डब्यातून आमच्याबरोबर उतरलेल्या एका मुसलमान आजीबाईंनी ते ऐकून आम्हांला आपल्यातलंच धरलं. पार फाटकापर्यंत त्या मावशींशी दखनीत बोलत आल्या आणि मावशी "हां, हां" करत राहिल्या.

गाव तीन-चार मैलांवर. मंडळी नऊ घरांची. देऊळ म्हणजे दगडमातीच्या भिंती, वर पत्रा, दाराशी एक मोठा कडुनिंब. सोलापुरात आमच्याकडं बाक आहेत, पेटी आहे, झग्यातला गायकवर्ग आहे. इथं खाली घोंगडी आणि हातात टाळ. संध्याकाळच्या उपासनेत याकोबदादांनी ढोलकीवर थाप मारली आणि जी गीतं आम्ही देवळात माना खाली घालून जपून गातो, तीच इथं बायाबापडे डोलत, डोळे मिटून, एकमेकांच्या वर आवाज चढवत गाऊ लागले. मला पहिल्यांदा अवघडल्यासारखं झालं. तिसऱ्या गीताला माझ्या हातात कुणीतरी टाळ दिला आणि माझा ठेका दोनदा चुकला. कुणी हसलं नाही. शेजारच्या बाईनं नुसतं माझ्या मनगटाला धरून बरोबर केलं.

उपासना झाल्यावर मावशी म्हणाल्या, "दादा, मंडळीचं जुनं पुस्तक आहे का?"

पत्र्याच्या पेटीतून पुस्तक निघालं. कडा वाळवीनं खाल्लेल्या. मावशींना दिसत नव्हतं, म्हणून मी कंदिलाजवळ धरून वाचत गेले. सतराव्या की अठराव्या पानावर ते नाव सापडलं. सगुणा, वय अठरा, वाचता येतं. आणि त्या सगळ्या ओळीवरून काळ्या शाईची रेघ.

"रेघ कशी आहे गं?" मावशींनी विचारलं.

"सरळ आहे."

"पट्टी लावून मारली होती मी," त्या म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांसमोर आमचं सोलापूरचं पुस्तक आलं. सुशीलाच्या नावावरची रेघ आमच्या चिटणिसांनी मारली होती, पण पुस्तक उघडून पान काढून देणारी मी होते.

याकोबदादांनी कंदील जरा मागं सरकवला. मग म्हणाले, "बाई, तिलाच हुडकायला आलाय व्हय? ती हाय की. दरसाल दिवाळीच्या सुमाराला मेंढरं घेऊन ह्याच वाटंनं खाली जाती. रविवार असला तर हितं निंबाखाली बसती. गाणी हुस्तवर बसती, मग उटून जाती."

"इथं? दाराबाहेर?"

"व्हय."

"मग आत का नाही बोलावलं कुणी?"

"बोलवलं की. दरसाल बोलवतो. म्हनती, मेंढरं सोडून आत कशी येऊ." दादांनी पुस्तक मिटलं. "गेल्या आठवड्यातच गेली. आता अकलूजच्या अंगाला असतील. तितले शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेत्यात."

त्यांच्या घरी जेवायला कालवण चांगलं झणझणीत होतं, पण मावशींनी अर्धी भाकरीसुद्धा संपवली नाही.

मंगळवार, कुर्डुवाडी आणि बार्शीचा रस्ता

अकलूजला जायचं तर कुर्डुवाडीला एसटी बदलावी लागते. स्टँडवर मी पाणी आणायला गेले आणि परत येते तो मावशी एका गाडीत खिडकीपाशी जागा धरून बसलेल्या. "चल, चल! अकलूजचीच आहे, मी पाटी वाचली." मोतीबिंदूवाल्या बाईनं वाचलेली पाटी आपण पुन्हा वाचावी, हे मला सुचायला हवं होतं. तिकीट काढताना कंडक्टर म्हणाला, "बाई, ही बार्शीला चालली." मावशी त्याच्यावरच चिडल्या. "मग आधी सांगायचं नाही का?"

त्यानं बिचाऱ्यानं आम्हांला पुढच्या फाट्यावर उतरवलं. आजूबाजूला ज्वारीचं हिरवं रान, एक बाभूळ आणि आम्ही. तासाभरानं कडब्याची एक बैलगाडी कुर्डुवाडीकडं निघालेली मिळाली. कडब्याच्या पेंढ्यांवर बसून हलत डुलत जाताना मावशींचा राग ओसरला. म्हणाल्या, "अशाच गाडीतनं मी पहिल्यांदा या भागात आले. वाटलं होतं, दोन वर्षांत सगळा तालुका वाचायला लावीन. फार ताठ होते गं मी. शास्त्र पाठ होतं ना. ज्याला पाठ असतं त्याला वाटतं आपल्याला समजलंच आहे."

मी रूथची गोष्ट काढली. लहानपणापासून मला ती गोष्ट आवडते. नवरा मेलेली परकी मुलगी सासूला म्हणते, तुझे लोक ते माझे लोक. शब्बाथ शाळेत ती दरवर्षी मीच सांगते. त्या दिवशी पेंढ्यांवर बसल्या बसल्या वाटलं, परक्यांतली मुलगी आपल्यात आली की आपण तिची गोष्ट चारशे वेळा वाचतो, डोळे पुसतो. आपल्यातली मुलगी नवऱ्याच्या माणसांना असंच म्हणाली की तिच्या नावावर रेघ मारतो. मी हे मावशींना बोलून दाखवलं. त्या इतकंच म्हणाल्या, "घरी गेलीस की सुशीलाकडं जा. अडतीस वर्षं थांबू नकोस."

इथंच सांगून टाकते. मी गेले. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी विणकरांच्या वस्तीत तिचं घर शोधलं. हातमागाच्या खटखटाटात आधी तिला माझं बोलणं ऐकूच येईना. मग ऐकू आलं तेव्हा ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तिच्या सासूनं मला तेलुगूत काहीतरी सांगून पाट दिला बसायला. आमचं बोलणं काय झालं ते सुशीलाचं आहे, ते लिहीत नाही. पंचांच्या पुढच्या बैठकीत मी माझा हात मागे घेते असं सांगितलं, त्यावर अजून वाद चालू आहे.

बुधवार, अकलूज

माढ्याकडून गेलेल्या माणसाला अकलूज वेगळ्या मुलखातलं वाटतं. पाटाचं पाणी झुळझुळतंय, जिकडं बघावं तिकडं डोक्याहून उंच ऊस. कारखान्याचं गाळप नुकतंच सुरू झालं होतं, हवेत मळीचा गोडसर आंबूस वास, रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग. आदल्या रात्री आम्ही तिथल्या मंडळीतल्या एका कंपाउंडरकडं उतरलो होतो. त्यांच्या बायकोनं सकाळी दूध डेअरीवर चौकशी केली, तेव्हा कळलं की पाटापलीकडं ऊस तुटलेल्या एका रानात तीन दिवसांपासून मेंढरं बसली आहेत.

आमच्या शब्बाथ शाळेच्या भिंतीवर उत्तम मेंढपाळ येशूचं रंगीत चित्र आहे. पांढरीशुभ्र, कापसासारखी मेंढरं, हिरवं गवत. त्या रानात होती ती काळी, तांबूस, धुळीनं माखलेली, लेंड्या टाकणारी, एकसारखी ओरडणारी तीनेकशे जनावरं. वास असा की मी पदर नाकाला लावला. दोन कुत्री आमच्या अंगावर धावून आली. एका म्हाताऱ्यानं बसल्या जागेवरून नुसतं "छ्या!" म्हटलं आणि ती जागच्या जागी आडवी झाली.

हा म्हाळू, सगुणाचा नवरा. लाल पागोटं, खांद्यावर घोंगडं, हातात लोकर कातायची चाती. आम्ही कोण, कशाला आलो, काही विचारलं नाही. "ती वाढं आणाय गेलीया. येईल. बसा," म्हणाला आणि आपलं घोंगडं आमच्यासाठी पसरून स्वतः मातीत बसला. वाढं म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, तो जनावरांना घालतात.

मावशी पाटाच्या बाजूला कान लावून बसल्या. त्यांचे दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले. मीच बोलायला सुरुवात केली. म्हटलं, "आमच्यात एक गोष्ट आहे. शंभरातलं एक मेंढरू हरवलं, तर मेंढपाळ नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकाच्या मागं जातो."

"ठावं हाय," म्हाळू म्हणाला. "ही सांगती की पोरास्नी." चाती फिरवता फिरवता तो थांबला. "पर गोष्ट सांगनाऱ्यानं एक सांगितलं न्हाय."

"काय?"

"मागं राहिलेली लई येळा विणारी असती. कळा सुरू झाल्या की ती कळपातनं बाजूला हुती, झुडपाच्या आडाला जाऊन बसती. आपन म्हनतो, हरवली. आनाय जायाचं एकीला आन् उचलून आनायचं दोघांस्नी."

मावशींनी मान वर केली. "आणि कुणी गेलंच नाही तर?"

"तर कोल्हं जातं," म्हाळू म्हणाला आणि चाती पुन्हा फिरू लागली.

तेवढ्यात पाटाच्या बाजूनं डोक्यावर भारा घेतलेल्या दोन बायका आल्या. पुढची वयस्क, काळी, सडपातळ, कासोटा घातलेली, हातात चांदीचे जाड गोठ. मागची तरुण, तिची सून बनू. मावशींना नुसत्या सावल्या दिसल्या असतील. त्या म्हणाल्या, "मालू, कोण आलं गं?"

पुढच्या बाईच्या डोक्यावरचा भारा खाली पडला.

"एस्तेरबाई," ती म्हणाली. "आवाज त्योच हाय."

मावशी उठल्या, आवाजाच्या रोखानं दोन पावलं गेल्या आणि तिच्या पायाशी वाकू लागल्या. सगुणानं त्यांना दंडाला धरून उभं केलं. "वाकू नगा. कंबर धरंल, मग मलाच चोळत बसावी लागंल."

"सगुणा, त्या दिवशी दार मी लावलं. मंडळीनं नव्हे. पास्टरनी नव्हे. मी. नाव मी खोडलं. मला क्षमा कर, एवढं सांगायला आलेय."

सगुणानं डोक्यावरची चुंबळ काढली. तिनं मावशींच्या तोंडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, मग म्हणाली, "आदी बसा. चा करते." आणि तीन दगडांच्या चुलीपाशी जाऊन पाठमोरी बसली. शेळीचं दूध घातलेला तो चहा होईपर्यंत किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मला वाटलं, एवढ्या लांब येऊन आम्ही चूक केली. हिच्या बऱ्या झालेल्या जखमेवर आपलं मन हलकं करायला आलो.

चहाच्या वाट्या हातात देऊन ती समोर बसली. "लई राग हुता, बाई. पाच-सा वरसं तुमचं नाव निघालं की मी थुंकायची. मग पोरं झाली, दुष्काळ झालं, मेंढरं मेली. रागाला येळ मिळंना. गेला का ऱ्हायला, ते मी बघितलंच न्हाय."

"मग आज बघ," मावशी म्हणाल्या.

"बघते. जेवान हू द्या."

जेवणात बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं होतं. हुलगे भाजून दळून केलेली पातळ पेज, वर लसणाची फोडणी. आम्ही आमची कडक भाकरी आणि उरलेली चटणी काढली. म्हाळूनं कडक भाकरी दातांत धरून पाहिली, मोडेना, तेव्हा माडग्यात बुडवून खुशीनं खाल्ली. पण हे नंतरचं. आधी ताटं वाढल्यावर माझा हात घासाकडं गेला आणि पाहते तर कुणीच जेवत नाही. म्हाळू, दोघे मुलगे, बनू, सगळे हात मांडीवर ठेवून बसलेले. सगुणानं डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. ते थांबल्यावर मग सगळ्यांनी घास उचलला. पहिला तुकडा म्हाळूनं आपल्या देवासाठी बाजूला काढून ठेवला.

"रोज असंच?" मी हळूच विचारलं.

"तिचं झाल्याबिगार आमी खात न्हाय," म्हाळू म्हणाला. "काय म्हनती ठावं न्हाय. पर म्हनती."

मी मंडळीची पंच. आमच्या घरी घाईच्या वेळी जेवणाची प्रार्थना विसरतो, आणि विसरलो हेही कुणाच्या लक्षात येत नाही. इथं ज्या बाईचं नाव आम्ही खोडलं, तिनं अडतीस वर्षं उघड्या रानात एकटीनं ती चालू ठेवली होती, आणि तिची दुसऱ्या देवाची माणसं तिच्यासाठी भुकेली थांबत होती. मावशींनी ताटावरच डोळ्यांना पदर लावला.

जेवण झाल्यावर त्या म्हणाल्या, "सगुणा, परत ये. नाव पुन्हा लिहायला मी सांगते."

सगुणा हसली. पुढचे दोन दात पडलेले होते. "आता भित्तीच्या आत जीव गुदमरतो, बाई. मला भाइरनंच बरं ऐकू येतंय." मग हसू गेलं. "पर तुमच्याकडं एक काम हाय. चला माझ्यासंगं."

पाटाची कड निसरडी होती. मावशींचा एक हात सगुणानं धरला, दुसरा बनूनं. मी मागून चालले. दोन शेतं ओलांडल्यावर सगुणा थांबली. समोर वाढलेला ऊस, वाऱ्यानं सळसळत होता. आणखी काही नव्हतं.

"त्या दिवशी दारात मी एकली न्हवते, बाई," ती म्हणाली. "चार म्हैनं झालं हुतं."

मावशींनी तिच्या हातावरचा हात घट्ट केला.

"लेक झाली. हितंच. तवा पाटाचं पानी हितवर आलं न्हवतं, नुसता माळ हुता. आठ दिस जगली. ह्यांनी खड्डा केला, दगूड ठेवला. त्यांच्या रीतीचं सगळं केलं त्यांनी, काय कमी केलं न्हाय. पर आपल्यात जे म्हनत्यात ते म्हनाय कुनी न्हवतं. मला सगळं येत न्हवतं, बाई. अर्दं येत हुतं. अर्दं म्हनले आन् गप बसले." तिनं उसाकडं हात केला. "आता दगूड बी न्हाय. कुटल्या सरीत हाय ते सांगता यायचं न्हाय. पर ऱ्हायलेलं अर्दं तुमी म्हना."

बनू थक्क होऊन सासूकडं पाहत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मावशींना पुस्तक लागलं नाही. त्यांनी दफनाची प्रार्थना सुरुवातीपासून सगळी म्हटली, मातीचं मातीत जाणं आणि शेवटच्या दिवशी उठणं, एकही शब्द न गाळता, त्या खणखणीत आवाजात, जणू पाटाच्या दोन्ही काठांवर मंडळी भरली आहे. देवाच्या हाती लेकरू सोपवायची ओळ आली तेव्हा त्या थांबल्या. तिथं नाव घ्यावं लागतं.

"नाव काय तिचं?"

"ठेवलं न्हवतं. बाराव्या दिशी ठेवायचं हुतं." सगुणानं पदरानं तोंड पुसलं. "तुमी ठेवा की."

मावशी उभ्या होत्या. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. माझ्या मनात आलं, यांना हे जमणार नाही, आपण पुढं व्हावं. पण सगुणानं त्यांचा हात सोडला नव्हता आणि घाईही करत नव्हती.

"दया," मावशी म्हणाल्या.

मग त्यांनी नावासकट ती ओळ पुन्हा म्हटली, प्रार्थना पुरी केली, आणि आम्ही सगळ्यांनी आमेन म्हटलं. सगुणा उसाकडं तोंड करून ते नाव तोंडातल्या तोंडात म्हणून पाहत होती. एकदा, मग जरा मोठ्यानं, मग आणखी मोठ्यानं, लांब खेळत असलेल्या पोराला हाक मारावी तसं.

बनूनं हळूच विचारलं, "आत्याबाई, ही माझी कोन लागती?"

"तुझी थोरली वन्सं," सगुणा म्हणाली.

बनूनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उसाकडं वळून वाकून नमस्कार केला.